मागच्या पेटीतला भुरका

१

माझं कुणीबी खरं धरलं न्हाई. पोटची पोरगी म्हणाली, आई, कान दाखवून घे. शेजारची साखराबाई म्हणाली, उपास कमी करत जा. टीव्हीला आवाजाच्या पेट्या बसवणारा बजरंग म्हणाला, मावशी, ह्यालाच तर होम थेटर म्हणतेत. आन ज्यांच्यासाठी मी जिवाचं रान केलं ते आमचे मालक, ते तर पोट धरून हसले. मी चौथी शिकलेली बाई हाय, कबूल. पण चौथी शिकलेल्या बाईचे कान काय चौथीपुरतंच ऐकतेत का?

केजच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान हाय. मालकांना सगळा बाजार आप्पा म्हणतो, आमची प्रणिता बी आप्पाच म्हणती. मी त्यांचं नाव घेत न्हाई. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई, आन ह्यांचं नाव तर देवाचं. त्यामुळं लग्न झाल्यापासून मला त्या देवाचं बी नाव घेता येईना. कपिलधारला गेले तरी मी "श्रीशैलचे देव" म्हणूनच हात जोडते. तहसीलात नवऱ्याचं नाव सांगायची येळ आली की प्रणिताला पुढं ढकलते. देवाला कळतंय, तहसीलदाराला बी कळलं पायजे.

आता मालकांच्या आवाजाचं सांगते, कारण सगळं तिथंच हाय. ह्यांच्याएवढा आवाज करणारा माणूस बीड जिल्ह्यात न्हाई. चालले की चपला फटक फटक. बसले की "शिवा शिवा". बोलायच्या आधी खाकरा, दोन आखूड आन एक लांब. आन चहा बशीत वतून भुरका मारला, की तिकडं चौसाळ्यातल्या म्हशी माना वर करत असतील. पाव्हण्यांपुढं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी म्हणायचे, अवो, हळू. ते म्हणायचे, "हळू पिलेला चहा अंगाला लागत न्हाई."

२

गावातली टॉकीज बंद पडल्यापासून मालकांना करमत नव्हतं. वरच्या खोलीत कापडाचे गठ्ठे असायचे, ते खाली हलवले आन म्हणाले, इथंच टॉकीज करायची. मोठा टीव्ही आणला. मागं रेलायची रेग्झीनची खुर्ची आणली. कुणी बसलं की ती खुर्ची फुस्स करून श्वास सोडायची. मग आमी तिघं बीडला बजरंगच्या दुकानात गेलो.

बजरंग जाड मिशीचा, गोड बोलणारा. म्हणाला, "आप्पा, पेट्या कोणत्याबी घ्या. सगळ्याचा मेंदू म्हंजे हा रिसिव्हर. डिश लावा, मोबाईल लावा, हा सगळ्याचा आवाज घेतो आन कोणता कोणत्या पेटीला द्यायचा ते ठरवतो. पुढं पाऊस पडला तर पुढं, मागं कुत्रं भुकलं तर मागं."

"म्हंजे आमच्या घरी हाय तसाच," मालक माझ्याकडं बघून म्हणाले. "घेतं सगळं, देतं सवताच्या मर्जीनं."

"बोला, बोला," मी म्हणलं. "घरी चला मग."

मालकांनी वॅट विचारले. बजरंग म्हणाला, "वॅट कागदावर लई असतेत आप्पा. दोन पेट्या चालवून मोजतेत आन तेवढंच छापतेत. पाची चालल्या की कळतं. पण पेट्या सहा ओमच्या घेता का आठ ओमच्या? रिसिव्हरला झेपलं पायजे."

मालकांनी तिथंच हात जोडले. "ओम? बाबा, आमी लिंगायत माणसं. ओममधी काटकसर करू नको. आठ दे."

बजरंग एवढा हसला की त्याला ठसका लागला. वर म्हणाला, "हा विजेच्या मापाचा ओम हाय, पण आठच बऱ्या आप्पा. रिसिव्हर बी तापत न्हाई."

"बघ," मालक मला म्हणाले, जसं काय सगळं शास्त्र त्यांनीच लिहिलं. आन बजरंगनं शब्द दिला, हा न्हाई पटला तर दुसरा देतो, घरी लावून बघितल्याशिवाय रिसिव्हर कळत न्हाई.

दुसऱ्या दिवशी तो पेट्या बसवायला आला. दोन पुढं, एक मधी, दोन मागच्या भितीवर. रिसिव्हरसोबत सुपारीएवढा माइक आलता, वायरला लावलेला. बजरंग म्हणाला, "बसणाराच्या कानाच्या उंचीवर हा ठेवायचा. रिसिव्हरचा डबा एकेका पेटीतून आवाज काढतो, माइक ऐकतो, आन कोणती पेटी किती लांब ते डबा सवता मोजतो. फक्त खुर्ची रिकामी पायजे. सगळ्यांनी भायेर जायचं, गप."

"माझी खुर्ची, आन मीच भायेर?" मालक म्हणाले. "मग मोजणार कुणाचे कान?" आन बसले. फुस्स. माइक उचलून सवताच्या टोपीवर ठेवला, कळस ठेवल्यासारखा. प्रणितानं फोटो काढला. बजरंग हात जोडून म्हणाला, "आप्पा, बसू नका, माप चुकतं." पण आप्पांना कोण उठवणार?

डबा एकेका पेटीतून वारं सुटल्यावानी फूं फूं करायला लागला. चार पेट्या झाल्या. उजवीकडच्या मागच्या पेटीची पाळी आली आन मालकांना राहावलं न्हाई. खाकरले, दोन आखूड, एक लांब, आन म्हणाले, "शिवा शिवा."

टीव्हीवर मापं आली. उजवी मागची: पाच मीटर.

कापडाच्या दुकानदाराला मीटर शिकवतो का डबा? मालकांनी दुकानातला मीटरचा लोखंडी गज आणला आन मोजलं. खुर्चीपासून भीत अडीच मीटर. त्याच्या पल्याड मोकळा प्लॉट आन एक बाभळ.

"आवाज भितीवरून परततो, डबा फसतो," बजरंग म्हणाला. त्यानं हातानं अडीच लिहिलं, आन आमी पेढे खाल्ले.

३

पहिला पिक्चर मारामारीचा लावला. दुकान बंद होतं, दुपार होती. घोडे टीव्हीतून निघून आमच्या पाठीमागून गेले तर प्रणितानं पाय वर घेतले. खोटं कावून बोलू, मला बी लई मजा आली. मी चहा करून आणला. मालक माझ्या डाव्या हाताला त्यांच्या खुर्चीत, मी मधल्या सोफ्यावर.

हिरोनं तलवार उपसली. सगळं गप झालं. आन माझ्या उजव्या कानाच्या मागं कुणीतरी चहाचा भुरका मारला.

सुर्र्र्. लांब, निवांत, शेवटाला जिभेचा टाळूवर टक्कन आवाज.

मी म्हणलं, तलवार उपसल्यावर चहा कोण पितंय? वळून बघितलं. भीत, पेटी, बास. मग मालकांकडं बघितलं. बशी व्हटाला लावलेली, चहा कमी होत होता, गळ्याची घाटी वर-खाली होत होती. आवाज न्हाई. मांजर दूध पितं तेवढा बी न्हाई.

मी सवताची समजूत घातली. पेट्यांच्या आवाजात ह्यांचा बुडाला असंल. पिक्चरमधी कुणी म्हातारा असंल चहा पिणारा. प्रणिताला म्हणलं, ती जागा परत लाव. तिनं लावली. तलवार निघाली, सगळं गप झालं, आन गपच राहिलं. मालकांची बशी तवर रिकामी झालती.

"आता कुठं गेला भुरका?" मी म्हणलं.

"आई, ह्याला सराउंड म्हणतेत," प्रणिता म्हणाली.

"सराउंड असू दे, न्हाईतर अजून कोण असू दे. चहा माझ्या घरचा हाय."

४

कानाच्या डॉक्टरकडं नेलं मला. त्यानं बत्ती घालून बघितलं, म्हणाला, "मावशी, तुमचे कान माझ्यापेक्षा बरे हायेत." भायेर आल्यावर प्रणिता म्हणाली, "मग आता डोकं दाखवू." अशी ती पोरगी.

मी घरात रोज कटकट लावली, की हा डबा तापतोय, वास मारतोय, बदला. शेवटी बजरंग दुसरा घेऊन आला. जरा मोठा, सात पेट्यांना चालणारा, वर जाळी. त्यानं जुना काढून खोक्यात घातला, नवा अजून खोक्यातच होता. टीव्हीची पिन बी काढलेली. प्रणितानं त्याला खाली पोहे खायला बोलावलं. मी वर एकटीच धूळ पुसत होते.

मागच्या कोपऱ्यात खाकरा आला. दोन आखूड, एक लांब.

"काय पायजे?" मी म्हणलं. सवयच हाय. खाकरा आला की मी काय पायजे म्हणते.

म्हणलं आन मग कळलं, की मालक वर आलेच न्हाईत. मी खिडकीतून खाली बघितलं. मालक अंगणात साखराबाईशी बोलत उभे होते. बोलता बोलता थांबले. मूठ तोंडापुढं धरली. खांदे हलले, एकदा, दोनदा, मग जरा जास्त येळ.

आवाज माझ्या पाठीमागून आला.

मी फडकं तिथंच टाकून खाली आले. साखराबाईला विचारलं, आत्ता हे खाकरले ते तुला ऐकू आलं का? ती म्हणाली, "कुठं खाकरले? अगं गंगाबाई, आप्पा लई शांत झालेत हल्ली. बरं वाटतंय."

मग नवा डबा लावला, आन माइक आला. मी म्हणलं, अवो, आता तरी बसू नका. मालक म्हणाले, "मागच्या बारीला मी होतो, आता बी मीच पायजे. माप एकाच गजानं घ्यावं." दुकानदाराचं डोकं. बसले. फुस्स. माइक टोपीवर.

उजवी मागची: दीड मीटर.

मालकांनी हसत गज ठेवला. उरलेला अर्धा मीटर विती टाकून मोजला. विती संपल्या तिथं नुसती सतरंजी होती. भितीच्या अलीकडं, खोलीच्या मधी, जिथं काहीच नव्हतं. आमी चौघंजण त्या जागेकडं बघत राहिलो. मग प्रणिता जाऊन त्या जागेवर नाचली. "इथं का? इथं का रे बजरंगदादा?" मालक म्हणाले, "एक पेटी फुकट मिळाली म्हणायची." सगळे हसले. मी बी हसले. हसताना मला दिसलं, मालकांचं तोंड उघडं हाय, पोट हलतंय, डोळ्यांत पाणी हाय. हसण्याचा आवाज मात्र सतरंजीवरून येतोय.

५

त्याच्यानंतर आमचं घर लई सुखी झालं. खरंच सांगते. पाव्हणे म्हणायचे, आप्पा किती धीरगंभीर झाले. जेवताना कुणी मचमच करंना. प्रणिता म्हणाली, घरात पहिल्यांदा अभ्यास झाला. साखराबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "काय औषध दिलं गं?"

"रिसिव्हर."

"मग माझ्या माणसाला बी एक आण. सस्त्यातला चालंल."

मी एकटी बावरलेली. मी भाकऱ्या थापत असायचे आन मागं कुणीतरी हाय असं वाटायचं. वळले की मालक. अगदी जवळ, चपला घालून, जिना उतरून आलेले. चपलेचा फटक न्हाई. मी दचकले की ते हसायचे, तेबी मुकंच. आन जरा येळानं वरून, बंद खोलीतून, जिना उतरल्यासारखं फटक फटक व्हायचं आन मधीच थांबायचं.

मी एक दिवस मुद्दाम ठेचा केला, लवंगी मिरचीचा, माणूस नाचंल असा. मालकांनी घास घेतला. डोळे लाल झाले, नाक वाहायला लागलं, तोंड उघडून वारा घेतला. वरच्या खोलीतून आवाज आला, "स्स्स्स्."

"पंखा चालू राहिला वाटतं," प्रणिता म्हणाली.

मग बोलणं कमी व्हायला लागलं. दुकानात मालक भाव सांगायचे तर गिऱ्हाईक कान पुढं करायचं, "आप्पा, काय म्हणलात?" ह्यांना वाटायचं गिऱ्हाईकच बहिरं. ह्यांना काहीच कळत नव्हतं हो. मजेत होते. माझा नवरा एकेका आवाजानं संपत चाललता आन घरात सगळे म्हणत होते, वा, किती शांत. एक दिवस माणूस असा नुसता उभा राहील, व्हट हलवत, आन लोक म्हणतील, काय साधू झालेत आप्पा.

मी पदर खवला आन बीडच्या जीपमधी बसले.

६

"बजरंग," मी म्हणलं, "असा डबा दे, जो घेतलेलं परत देतो."

"मावशी, सगळे देतेत. रिसिव्हर घेतो आन पेटीला देतो."

"पेटीला नको. माणसाला."

तो हसायला लागला, पण माझं तोंड बघून थांबला. त्यानं दुकानातले सगळे डबे मला दाखवले. ह्याला जास्त पिना, ह्याला जास्त ताकद, ह्याचा आवाज साफ. मी एकेकावर हात ठेवून बघितला, कापडाचा पोत बघतात तसा. शेवटी एक बारका, जुन्या घाटाचा, गोल बटणाचा घेतला. का घेतला सांगता येत न्हाई. बाकीच्यांवर हात ठेवला की ते ऐकत बसल्यावानी वाटायचे. हा तसा वाटला न्हाई.

बजरंगला मी माझ्यासंगंच जीपमधी घालून आणलं. ह्या बारीला मी मालकांना कोपराला धरून खोलीच्या भायेर काढलं. खुर्ची रिकामी. माइक काठीच्या तिपाईवर, खुर्चीच्या पुढं. दार लावलं. आमी चौघं जिन्यात उभे: मी, मालक, प्रणिता, आन बजरंग मोबाईल हातात घेऊन. मोबाईलवरूनच डबा चालू करायचा होता.

त्यानं चालू केला. मोबाईलवर अक्षरं आली. बजरंगनं वाचली, "खोलीत आवाज जास्त हाय. शांत राहा."

"आमी गपच हाव," प्रणिता म्हणाली.

परत चालू केला. परत तेच. बजरंगनं मिशीवर हात फिरवला. तिसऱ्यांदा चालू केला, आन आमी चौघांनी श्वास धरला.

आत खुर्ची वाजली. फुस्स.

मग, बसताना माणूस म्हणतो तसं, निवांत: "शिवा शिवा."

मी मालकांकडं बघितलं. ते जिन्याच्या भितीला टेकले होते आन त्यांचे व्हट हलत होते. शि. वा. शि. वा. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं, की ह्यांना कळलं. हात गळ्याकडं गेला. मला काहीतरी म्हणाले. ऐकू आलं न्हाई. आतून आलं, "गंगे, कावून घाबरती?"

प्रणिता एकदम म्हणाली, "आप्पा, गंमत करू नका." आवाज रडका. बजरंगच्या मोबाईलवर मापं आली, त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. मला आकडे वाचता येतेत. उजवी मागची: शून्य.

मी दार ढकललं. दुपारचं ऊन खिडकीतून खुर्चीवर पडलतं. गादी खाली दबलेली होती, जड माणसाखाली दबती तशी. तिपाई आडवी पडलती. माइक तिथं नव्हता. माइक वर होता, माणूस बसल्यावर टोपी जिथं येते तेवढ्या उंचीला, आन त्याची वायर खाली लोंबत होती. जरा जरा हलत होता. कुणी ऐकताना मान डोलवतं ना, तसा.

मी एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला, एक भायेर. मी म्हणलं, ज्याचं नाव, त्याची ओ. जो ओ देईल तो माझा नवरा. दुसऱ्याला मी लाटण्यानं हाणीन, दिसत नसला तरी. आन आख्ख्या संसारात जे केलं नव्हतं ते केलं. नाव घेतलं. अर्धं न्हाई, लाडाचं न्हाई, सगळं नाव, पुऱ्या घशानं, देवाला मारतात तशी हाक.

ओ आली.

एकच ओ आली. पण दोन्हीकडून.

७

सगळं ठीक झालं म्हणतेत. मालकांचा आवाज परत आला, त्या क्षणाला आला. जिन्यातच एवढा मोठा खाकरा काढला की बजरंग दोन पायऱ्या खाली गेला. आता परत चपला फटक फटक, परत शिवा शिवा, परत भुरका. दुकानात भाव रस्त्यापल्याड ऐकू जातेत. साखराबाई म्हणाली, "गेलं का गं औषध? वाईट झालं." प्रणिता आता म्हणती, आप्पांनी तेव्हा जिन्यातून कसला मस्त आवाज काढलता, माइक खिळ्याला अडकलता. भितीवर तिथं खिळा न्हाई. मी तिला दाखवलं बी. ती म्हणाली, "आई, पुरे." बजरंग वर येत न्हाई. म्हणतो, काही लागलं तर फोनवर सांगा मावशी.

डबा मी काढू दिला न्हाई. काढला आन आतलं तिथंच राहिलं तर? लावलेला हाय तवर निदान कुठं हाय ते कळतं. पिक्चर बघतो की आमी. मजा येते. मी आता वर चहा नेते तेव्हा दोन बशा नेते. एक मालकांच्या हातात देते, एक मागं सतरंजीवर ठेवते. दुसरी रिकामी होती का ते मी बघत न्हाई, तशीच उचलते आन घासायला टाकते.

एक गोष्ट तेवढी हाय. आवाज परत आल्यावर पहिल्यांदा मालक भुरका मारायचे आन मागून दुसरा यायचा, विहिरीतून आल्यावानी. आता मागचा आधी येतो. मग मालक बशी उचलतेत.

तुमी म्हणताल, चूक कुणाची? प्रणिता बजरंगला बोल लावती. बजरंग भितीला लावतो. साखराबाई म्हणती, बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घेतलं, त्याचंच हे. मी म्हणते, बजरंगनं हात जोडून सांगितलतं, बसू नका. मी सांगितलतं, बसू नका. खुर्ची रिकामी ठेवायची होती. मग बसलं कोण? टोपीवर माइक ठेवून, हसत, दोनदा बसलं कोण?

एवढा येळ नाव टाळलं ते लाजेनं न्हाई. घेतलं की ओ येते, आन कुठून आधी येते ते मला मोजायचं नसतं. पण तुमी खरं धरावं म्हणून घेते. मालक खाली अंगणात हायेत. वरचं दार लावलेलं हाय. ऐका.

मल्लिकार्जुन.